अ‍ॅपवर हवा 'मध्यम', खिडकीच्या खाचेत काजळी. सिग्नलसमोरचा फ्लॅट घ्यावा का?

भाडेकरू_कायमचा

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय कारण टोकन द्या म्हणून मागे लागलेत. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, सगळं मनासारखं, ऊन येतं, हॉल मोठा, पण हॉल आणि एक बेडरूम सरळ मेन रोडवर उघडतात. सहा लेनचा रोड, बरोबर खाली सिग्नल आणि सिग्नलला लागून बसस्टॉप. एजंट म्हणतो वारा बघा काय मस्त येतो. वारा येतो हे खरंय, पण वाऱ्याबरोबर काय येतं ते मी स्लायडिंगच्या खाचेत बोट फिरवून बघितलं. नेहमीची धूळ कशी करडी असते, फुंकर मारली की उडते, ही काळी आणि चिकट होती, बोटाच्या रेषांमध्ये जाऊन बसली आणि साबणाने पण पहिल्या झटक्यात गेली नाही.

अ‍ॅपवर त्या भागाची हवा 'मध्यम' दाखवतंय, कधीकधी तर 'समाधानकारक'. म्हणजे मी अ‍ॅपवर विश्वास ठेवू की बोटावर?

मुलगी पाच वर्षांची आहे, सर्दी झाली की छातीत घरघर सुरू होते, डॉक्टरांनी पंप दिलाय म्हणून एवढा विचार करतोय नाहीतर डोळे मिटून घेतला असता. बायकोचं म्हणणं असं की शहरात राहायचं तर हवा सगळीकडे सारखीच, पाचशे फूट आत गेलो म्हणून काय ऑक्सिजन मिळणारे का. त्याच कॉम्प्लेक्समध्ये मागच्या विंगला एक फ्लॅट आहे, मध्ये दोन बिल्डिंगा येतात, पण तो लहान आणि जरा अंधारा. वरच्या मजल्यावर गेलो तर फरक पडेल का? प्युरिफायर लावून भागतं का? आणि ते हातात धरायचं छोटं मीटर मिळतं ते घेऊन दोन्ही घरांत मोजलं तर निकाल लागेल का? कोणाला खरंच माहिती असेल तर सांगा, फॉरवर्ड नकोत.


सेन्सरवाला

अ‍ॅप पण खरं आणि तुमचं बोट पण खरं, दोघं वेगवेगळी गोष्ट सांगतायत एवढंच. हवा मोजणाऱ्या स्टेशनांच्या देखभालीचं काम करतो त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे.

स्टेशन लावताना बहुतेक वेळा हेतू असा असतो की त्या सगळ्या भागाची सर्वसाधारण हवा कळावी, एकाच बसच्या धुराने आकडा उड्या मारू नये. म्हणून मोकळं मैदान, एखाद्या संस्थेची गच्ची असल्या जागा निवडतात. मुद्दाम रस्त्याच्या कडेला लावलेली स्टेशनं पण असतात पण ती कमी. अ‍ॅप जवळचं जे स्टेशन असेल ते उचलतं किंवा आजूबाजूच्या स्टेशनांवरून अंदाज बांधतं. त्यात एक्यूआयचा, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा, आकडा बहुतेक ठिकाणी चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो, म्हणजे संध्याकाळी सात वाजता सिग्नलवर जे काय चाललंय ते रात्रीच्या तीनच्या हवेत मिसळून तुमच्यासमोर येतं. आणि एक्यूआय म्हणजे सगळ्या घटकांची बेरीज नव्हे, ज्याचा निर्देशांक सगळ्यात जास्त तोच दाखवतात. बहुतेक दिवस तो धुळीच्या कणांचा असतो, त्याच्या आड नायट्रोजन डायऑक्साइड किती आहे ते दिसतच नाही.

आता वहिनींचा मुद्दा. पीएम २.५ (म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुरतं बोलायचं तर त्या बऱ्याच अंशी बरोबर आहेत. हे कण हवेत दिवसेंदिवस तरंगतात, लांबून येतात, काही तर वायूंपासून हवेतच तयार होतात, त्यामुळे मागच्या विंगला आणि पुढच्या विंगला पीएम २.५ चं वजन फार वेगळं निघणार नाही. पण गाडीच्या नळीतून नुकत्याच निघालेल्या धुरात जे असतं त्याचं गणित निराळं. काजळी, नायट्रोजन डायऑक्साइड आणि एकदम बारीक कण, ०.१ मायक्रॉनच्या खालचे. हे रस्त्याच्या काठाला प्रचंड असतात आणि आत जाल तसे झपाट्याने उतरतात, साधारण दीडशे ते तीनशे मीटरमध्ये बरेचसे शहराच्या नेहमीच्या पातळीपर्यंत येतात. वारा, बिल्डिंगांची रचना यावर अंतर बदलतं, पण उतार हा असतोच.

या बारीक कणांची गंमत अशी की पीएम २.५ आपण वजनात मोजतो, एका घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम. २.५ मायक्रॉनचा एक कण आणि ०.१ मायक्रॉनचे १५,६२५ कण यांचं वजन सारखं भरतं, घनता सारखी धरली तर. क्रिकेटचा एक बॉल आणि तेवढ्याच वजनाची वाळू, काट्याला दोन्ही सारखेच. त्यामुळे हजारो बारीक कण फुफ्फुसात खोल जाऊन बसले तरी वजनाच्या आकड्यावर ओरखडा उठत नाही.

म्हणूनच ते हातातलं मीटर तुमच्या या प्रश्नाला निरुपयोगी आहे. त्याच्यात लेझर असतो, कणावरून परत उडालेला उजेड मोजतात. ०.३ मायक्रॉनच्या खालचं त्याला जवळजवळ दिसत नाही, वायू तर मुळीच नाही. पुढे आणि मागे मोजाल, दोन्हीकडे जवळपास सारखा आकडा येईल आणि एजंट म्हणेल बघा साहेब. वर हवा दमट असली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो, धुक्यात तर विचारूच नका.

खरंच मोजायचं असेल तर डिफ्यूजन ट्यूब. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, आत रसायन लावलेली जाळी, वीज नको बॅटरी नको. दोन ते चार आठवडे टांगून ठेवायची, मग झाकण लावून लॅबला पाठवायची, नायट्रोजन डायऑक्साइडची सरासरी मिळते. ब्रिटनमधल्या नगरपालिका वर्षानुवर्षं हेच वापरतात. आलेला आकडा ताडून बघायला, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या वायूची वर्षाची मर्यादा ४० वरून थेट १० मायक्रोग्रॅमवर आणली आणि पीएम २.५ ची १० वरून ५ वर. मोठ्या शहरातल्या वाहत्या रोडला १० मिळणं अवघडच, पण पुढे ६० आणि मागे ३० आलं तर तुम्हाला जे ठरवायचंय ते ठरतं.


गियरबॉक्स

सेन्सरवाले दादांनी वरचं सांगितलं, मी गाडीच्या नळीच्या आतलं सांगतो. हेवी डिझेलवर काम करण्यात आयुष्य गेलंय.

तुमच्या बोटाला जे चिकटलं त्यात डिझेलची काजळी असणारच. कार्बनचा कण असतो आणि त्याच्यावर न जळालेलं डिझेल आणि इंजिन ऑइलचा पातळ थर, म्हणून ती फुंकरीने उडत नाही. त्यात ब्रेकची पूड आणि टायरची झीज पण मिसळलेली असते.

सिग्नल आणि बसस्टॉप एकत्र म्हणजे सगळ्यात वाईट जोडी. लोकांना वाटतं गाडी उभी असताना जास्त धूर सोडते. सोडतेच, पण खरा भपका हिरवा लागल्यावर निघतो. बारा-पंधरा टनाची बस जागेवरून उचलायची म्हणजे ड्रायव्हर पाय दाबतो, डिझेल लगेच आत जातं पण टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) फिरून पुरेशी हवा येईपर्यंत क्षणभर उशीर होतो, त्या क्षणाला हवा कमी डिझेल जास्त, तो काळा ढग तोच. सिग्नल सुटला की एकदा, स्टॉपवरून निघाली की परत एकदा. तोच रोड, त्याच गाड्या, पण चौकापासून लांब जिथे ट्रॅफिक सरळ वाहतंय तिथे परिस्थिती बरीच बरी असते.

पेट्रोल गाड्या साफ असं पण नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (नळीतला धूर साफ करणारा डबा) साधारण अडीचशे-तीनशे डिग्री तापल्याशिवाय कामच सुरू करत नाही, तोपर्यंत नळीतून सगळं कच्चंच बाहेर. सकाळी सोसायटीतून निघून दोन किलोमीटरवर पोराला सोडून परत येणारी गाडी तर अर्धा वेळ गार कन्व्हर्टरवरच पळते.

नव्या डिझेलला डीपीएफ असतो, काजळी अडवणारा फिल्टर. चांगली वस्तू आहे, वाद नाही. पण अडकलेली काजळी जाळून टाकायला आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं आणि ते मिळतं हायवेला. शहरात फर्स्ट-सेकंडवर रांगत राहिली की फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डला दिवा लागतो, गाडी ओढत नाही, मग मालक वैतागतो आणि कुठेतरी नेऊन फिल्टरच पोकळ करून आणतो. बाहेरून डबा तसाच दिसतो बरं का. ओळखायचं असेल तर इंजिन बंद, नळी गार, आणि नळीच्या आतून बोट फिरवा. फिल्टर धडधाकट असेल तर इतक्या हजार किलोमीटर चाललेल्या डिझेलची नळी आतून जवळपास कोरडी स्वच्छ लागते. बोट काळंकुट्ट आलं तर समजून जा.

पीयूसी असते ना असं विचारू नका. पेट्रोलला गाडी उभ्या उभ्या कार्बन मोनॉक्साइड वगैरे बघतात, डिझेलला रेस देऊन धुराचा गडदपणा. नायट्रोजन ऑक्साइड त्यात नसतात आणि बारीक कणांची मोजणी पण नाही. आणि टेस्टला एक आणि रोडला दुसरं हे छोट्या गॅरेजातच होतं असं पण समजू नका. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं काय निघालं ते जगाने बघितलं, गाडीच्या सॉफ्टवेअरलाच कळायचं की आता टेस्ट चालू आहे, तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागायची. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या तसल्या.


जुनं_ते_सोनं

उगाच घाबरवताय माणसाला. आमचं घर तीन पिढ्या मेन रोडला आहे, खाली बसस्टॉप, समोर पेट्रोलपंप. आजोबा ठणठणीत गेले नव्वदीला. तेव्हा तर गाड्या आजच्यापेक्षा दसपट धूर सोडायच्या. फ्लॅट आवडलाय ना, मग घ्या आणि खिडकीला जाळी लावा.


वाचनवेडा

@जुनं_ते_सोनं, आजोबांना नमस्कार, पण एका आजोबांवरून काही ठरत नाही. जाळीने डास अडतील काका, वायू नाही अडत.

गाड्या आधी जास्त धूर सोडायच्या हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं, आणि त्यातूनच चांगला पुरावा मिळालाय. लॉस एंजेलिसचं उदाहरण घ्या. १९४३ पासून तिथे डोळे चुरचुरणारं धुरकं यायला लागलं, काय आहे ते कोणाला कळेना. मग हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि रिफायनऱ्यांच्या धुरावर ऊन पडून ओझोन तयार होतोय. पुढे कडक नियम झाले, १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत कन्व्हर्टर आले, हवा हळूहळू सुधारत गेली. त्याच दक्षिण कॅलिफोर्नियात संशोधकांनी शाळकरी मुलांच्या फुफ्फुसांची क्षमता वर्षानुवर्षं मोजलीये. २००७ साली त्यांनी छापलं की हायवेपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुफ्फुसांची वाढ दीड किलोमीटरपलीकडे राहणाऱ्या मुलांपेक्षा कमी भरली, आणि हे शहराची एकूण हवा कशी का असेना, त्याच्या वर. मग २०१५ मध्ये पुढचा भाग आला, हवा सुधारली तसं पंधराव्या वर्षी फुफ्फुसं कमजोर असलेल्या मुलांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणजे हवा बिघडली की नुकसान आणि सुधारली की फायदा, दोन्ही बाजूंनी दिसलंय.

गियरबॉक्स यांनी थांबा-निघा बद्दल सांगितलं त्याच्यावर पण एक फार नामी अभ्यास आहे. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोलनाक्यांवर इलेक्ट्रॉनिक टोल आला, गाड्या थांबायच्या बंद झाल्या. रस्ता तोच, वस्ती तीच. तर नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बायकांमध्ये वेळेआधी होणारी बाळंतपणं दहा-अकरा टक्क्यांनी कमी झाली आणि कमी वजनाची बाळं साधारण बारा टक्क्यांनी. २०११ चा आहे तो. नुसती रांग गेली आणि एवढा फरक.

आणि लंडनमधला एक, साठीच्या पुढच्या लोकांना दोन तास चालायला लावलं, एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जिथे तेव्हा दिवसा बस आणि टॅक्सीच जास्त करून चालायच्या, म्हणजे सगळं डिझेल. बागेत चालल्यावर फुफ्फुसं आणि रक्तवाहिन्या दोन्हींना फायदा दिसला, रस्त्यावर चालल्यावर तो फायदा बराचसा गायब. डिझेलच्या धुराला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ पासून कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कॅन्सर करणाऱ्यांत, टाकलंय. घाबरवायला नाही सांगत, पण "काही होत नाही" हे पण खरं नाही.


प्लगवाला

एवढा विचार कशाला, दहा वर्षांत सगळं इलेक्ट्रिक होणार आहे, तेव्हा हाच फ्लॅट सोन्याच्या भावाने विकाल. माझी ईव्ही आहे, धूर शून्य. नळीच नाही तर बोट कुठे घालणार 😀


सेन्सरवाला

@प्लगवाला, नळीचा धूर शून्य हे मान्यच, आणि भाडेकरूंच्या समोरचा बसस्टॉप इलेक्ट्रिक बसचा झाला तर मी म्हणेन पुढचा फ्लॅट घ्या. नायट्रोजन डायऑक्साइड आणि काजळी या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक पडेल. पण टायर झिजतात, रस्ता झिजतो, पडलेली धूळ प्रत्येक गाडीमागे परत उडते, हे ईव्हीला पण चुकलेलं नाही. बॅटरीमुळे गाडी जड, त्यामुळे टायर उलट जास्तच खातात. ब्रेकचं मात्र उलट आहे, मोटरच गाडी आवरते म्हणून पॅड कमी झिजतात. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर मर्यादा घातलीये, ती ईव्हीला पण लागू आहे, म्हणजे तुमच्या नसलेल्या नळीपलीकडे पण बघणं सुरू झालंय.

दहा वर्षांचं म्हणाल तर मुलगी आज पाच वर्षांची आहे, पुढच्या दहा वर्षांतच तिची फुफ्फुसं वाढणार आहेत, तोपर्यंत ती कशी थांबणार.


दमेकरीण

भाडेकरू, तुमच्या मुलीचं वाचून लिहितेय, मला लहानपणापासून दमा आहे आणि माझ्या मुलालाही आहे, शिवाय आम्ही रोडलाच राहतो कारण बदलणं जमलं नाही. त्यामुळे घ्या नका घेऊ यात पडत नाही, राहायचंच झालं तर काय कामाला येतं ते सांगते.

सगळ्यात आधी मुलीची झोपायची खोली मागच्या बाजूला. माणूस दिवसातला सगळ्यात जास्त वेळ एका जागी झोपलेला असतो आणि लहान मूल तर नऊ-दहा तास. हॉल रोडला असला तर चालेल, बेडरूम नको. खिडक्या बंद ठेवायच्या म्हणजे दिवसभर कोंडून घ्यायचं असं नाही, वेळ बघून उघडायच्या. थंडीत रात्री आणि सकाळी जमिनीलगतची हवा गार असते, वर उबदार थर बसतो, धूर वर जाऊच शकत नाही, त्यात सकाळची शाळा-ऑफिसची गर्दी. म्हणून पहाटेची ताजी हवा म्हणून आमच्याकडे खिडक्या उघडायची जी पद्धत होती ती मी बंद केली. दुपारी ऊन तापलं की हवा वर उसळते आणि पातळ होते, तेव्हा सगळं सताड उघडा, मागच्या बाजूने आधी. उन्हाळ्यात मात्र दुपारी ओझोन वाढतो, त्या दिवसांत मुलीची घरघर कधी वाढते ते बघून तुमचं तुम्हाला ठरवावं लागेल.

प्युरिफायर. हेपा (अगदी बारीक कण धरणाऱ्या) फिल्टरचा घ्या, आयन सोडणारा किंवा ओझोनवाला अजिबात नको, दम्याला ओझोन म्हणजे विषच. खोलीच्या आकाराला पुरेल एवढा सीएडीआर (ठरावीक वेळात किती हवा साफ करतो तो आकडा) बघा, आणि फुल स्पीडला आवाज किती करतो ते दुकानातच ऐका कारण आवाज जास्त असला की रात्री आपण तो सगळ्यात कमीवर ठेवतो आणि मग कमी स्पीडला हवा पुरेशी फिरतच नाही. कणांसाठी उत्तम आहे, बारीक कण पण धरतो. पण वायू नाही अडवत. आत कार्बनचा जो पातळ पत्रा असतो तो काही दिवसांत भरून जातो. आणि नायट्रोजन डायऑक्साइड फक्त रोडवरून येतो असं पण नाही, घरातल्या गॅसच्या शेगडीतून पण येतो, त्यामुळे स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू ठेवायचा, हे फुकटचं काम आहे आणि बहुतेक लोक करत नाहीत.

कुंड्यांवर भरवसा ठेवू नका. हौस म्हणून ठेवा, मीही ठेवल्यात, पण २०१९ च्या एका आढाव्यात हिशोब मांडलाय की नुसत्या खिडकीतून हवा खेळते तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. मग झोपायचं कुठे.

खाचेतली काजळी कोरड्या फडक्याने झटकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. मास्क मोठ्यांना एन-९५ चालतो, नाकावरची पट्टी नीट दाबून, बाजूने हवा शिरली तर घातला न घातला सारखाच. लहान मुलांच्या चेहऱ्याला तो धड बसत नाही, म्हणून मी मास्कपेक्षा रस्ता बदलला. शाळेत मेन रोडने नेत नाही, मागच्या गल्लीने नेते, पाच मिनिटं जास्त लागतात. सिग्नलला क्रॉस करायचं असेल तर कडेला न थांबता चार पावलं मागे थांबते, मुलाचं नाक बरोबर नळीच्या उंचीला येतं हो.

आणि हे सगळं करून पण डॉक्टरांनी रोजचा पंप सांगितला असेल तर तो बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. आमच्यात तोच घोळ सगळ्यात जास्त लोक करतात.


फुटपाथ_प्रेमी

हे सगळं ठीक पण प्रत्येकाने आपापल्या घराला फडकं मारत बसायचं का? मूळ दुखणं गाड्यांचं आहे. लंडनने २००३ मध्ये गर्दीचा टोल लावला, २०१९ मध्ये जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना वेगळं शुल्क, २०२३ पासून ते अख्ख्या शहरात. स्टॉकहोममध्ये २००६ ला आधी चाचणी घेतली, शहराच्या हद्दीवर गाड्या साधारण वीस टक्क्यांनी कमी झाल्या, लोकांनी मतदान करून कायम ठेवलं. उलट मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये नंबरप्लेटवरून आठवड्यातला एक दिवस गाडी बंद केली तर लोकांनी दुसरी जुनी गाडी घेतली, वेगळ्या नंबरची 🙂 म्हणजे नुसती बंदी घालून होत नाही, बस वाढवा, चालायला जागा द्या.


भाडेकरू_कायमचा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बायकोला सेन्सरवाल्यांचा रिप्लाय वाचून दाखवला, "बऱ्याच अंशी बरोबर" एवढंच ऐकू आलं तिला.

वरच्या मजल्याचं राहिलं. आणि दुसरं, आज मागच्या विंगला परत जाऊन आलो, आता गियरबॉक्स यांच्यामुळे सगळीकडे नळ्याच दिसायला लागल्यात. तर मागच्या फ्लॅटच्या बेडरूमखाली बेसमेंट पार्किंगची मोठी लोखंडी जाळी आहे, आतून पंख्याचा घुंघुं आवाज येतो, आणि कोपऱ्यात जनरेटर. एजंटला विचारलं तर म्हणाला ते काही नसतं साहेब, आणि दुसरी पार्टी उद्या येतेय.


सेन्सरवाला

दुसरी पार्टी प्रत्येक फ्लॅटला उद्याच येत असते, त्याचं टेन्शन घेऊ नका.

मजल्याचं असं की तिसऱ्या-चौथ्याला फारसा फरक नाही, बरंच वर गेलात तर ताजा धूर कमी होतो, पीएम २.५ तिथेही जवळपास तेवढाच. त्यापेक्षा रोडच्या दोन्ही बाजूंना उंच बिल्डिंगांची सलग भिंत आहे का ते बघा. असेल तर वारा वरून ओलांडताना आत भोवरा फिरतो आणि खालचा धूर एका बाजूच्या भिंतीवरून वर चढतो. ही बाजू लोकांना वाटते त्याच्या उलटी असते, वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूच्या बिल्डिंगांच्या रोडकडच्या खिडक्यांना जास्त खावं लागतं. नेहमीचा वारा कुठून असतो ते वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहिती असतं. समोर झाडं असतील तर फुटपाथलगतचं दाट कुंपण कामाचं, पण अरुंद रोडवर वर एकमेकांत मिसळलेल्या फांद्या असतील तर धूर खालीच अडकतो.

ट्यूब दोन्हीकडे लावा, पुढे हॉलच्या खिडकीबाहेर आणि मागे बेडरूमच्या खिडकीबाहेर, एकाच दिवशी लावून एकाच दिवशी काढायच्या.


गियरबॉक्स

जनरेटरला घाबरू नका, लाइट गेली तरच चालणार, फक्त त्याची नळी गच्चीपर्यंत नेलीये की तिथेच भिंतीला सोडलीये ते बघा. भिंतीला सोडली असेल तर वरती काळा पट्टा दिसेल.

जाळीचं जास्त महत्त्वाचं आहे. सकाळी आठला सगळ्या गाड्या गार इंजिनने सुरू होतात आणि तो सगळा कच्चा धूर पंखा त्या जाळीतून बाहेर फेकतो, म्हणजे मागची विंग रोडपासून लांब असून काही उपयोग नाही. पण पंखा कधी हवा आत ओढणारा पण असतो, तसा असेल तर वरच्या बेडरूमला काहीच त्रास नाही. टिश्यू पेपर जाळीजवळ धरा, चिकटला तर आत ओढतोय, उडाला तर बाहेर फेकतोय. सकाळच्या गर्दीला जाऊन बघा आणि फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे ते पण सांगा, ते लिहिलंच नाही तुम्ही. फोटो टाका जाळीचा आणि जनरेटरच्या नळीचा.